अनुकरणाचे नियम आणि आपली चर्चासत्रे

मराठीच्या विद्यापीठीय वर्तुळात अटलांटिकपारच्या वैचारिक संबंधांचा विषय निघाला की त्याची मांडणी बहुधा एकाच दिशेने होते. पॅरिसमध्ये एखादी विचारप्रणाली जन्माला येते, अमेरिकेतील विद्यापीठे ती उचलून धरतात, तिथून ती इंग्रजी पुस्तकांवाटे आपल्याकडील इंग्रजी विभागांत पोचते आणि पुढे केव्हातरी मराठी विभागांच्या चर्चासत्रांत 'नवा दृष्टिकोन' म्हणून तिचे स्वागत होते. संरचनावादाचे असे झाले, विरचनेचे असे झाले, उत्तर-आधुनिकतेचे आणि उत्तर-वासाहतिकतेचेही असेच झाले. या प्रवासात मराठी अभ्यासकाच्या, विशेषतः नुकत्याच संशोधनाला लागलेल्या अभ्यासकाच्या वाट्याला एकच काम येते. आलेला सिद्धान्त समजून घ्यायचा आणि तो एखाद्या मराठी कादंबरीला लावून दाखवायचा. या कामासाठी 'उपयोजन' हा भारदस्त शब्द आपण रूढ केला आहे. सिद्धान्त तिकडे आणि उपयोजन इकडे, ही श्रमविभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी ठरवली असा प्रश्नही आता कोणाला पडत नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या श्रमविभागणीला आहे. ती अपरिहार्य नाही. इतिहासाच्या कसोटीवर ती खरीही ठरत नाही. आणि तरीही ती टिकून आहे याचे बरेचसे श्रेय आपल्या चर्चासत्रांकडे जाते, असे येथे म्हणायचे आहे.

ती खरी नाही याचा पुरावा शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड हा तालुका आहे. एका अंगाला सावित्रीची खाडी आणि बाणकोट, दुसऱ्या अंगाला दापोली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चाललेली घरे. या तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला, परंतु घराण्याची मुळे आंबडव्याची. आज तेथे स्मारक आहे, जयंतीला गर्दी असते, भाषणे होतात. आपल्या वाङ्मयीन व्यासपीठांवर मंडणगडचे नाव निघालेच तर ते 'कुठे आंबडवे आणि कुठे कोलंबिया' अशा विस्मयाच्या वाक्यात निघते.

हा विस्मय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. तो अंतर मोजतो आणि थांबतो. आंबडव्यापासून कोलंबियापर्यंत जाणारा माणूस त्याला दिसतो. त्या माणसाने कोलंबियात काय म्हटले, कोणाशी वाद घातला, कोणते गृहीतक मोडले, हे पाहण्याची गरज त्याला भासत नाही. वस्तुतः हा प्रवास चमत्कार म्हणून समजावून घेण्याजोगाही नाही. कोकणातील महार सैनिकांची परंपरा, लष्करी शाळांतून मिळालेले शिक्षण, दापोलीच्या परिसरात स्थायिक झालेले पेन्शनर, त्यांच्यातूनच पुढे आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांचे १८८८ चे 'विटाळ विध्वंसन' — एवढी पूर्वपीठिका त्याच्यामागे उभी आहे. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. अटलांटिक ओलांडण्याआधी या प्रदेशाने प्रश्न विचारण्याची सवय कमावली होती. विस्मयाच्या वाक्यात ती सवय गळून जाते, आणि उरते ते केवळ एका माणसाचे भाग्य.

आता त्या निबंधाकडे वळू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. १९१५ साली त्यांनी एम. ए. पूर्ण केले आणि ९ मे १९१६ रोजी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. निबंध पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. ज्याला आज आपण 'नवसंशोधक' म्हणतो त्या अवस्थेतील, पदवी हाती नसलेल्या, शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्याचे हे लेखन आहे. विद्यार्थ्याने सेमिनारमध्ये वाचलेला निबंध काय असू शकतो याचा याहून चांगला नमुना आपल्या परंपरेत प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

या निबंधात पंचवीस वर्षांचा अभ्यासक सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले या तीन मान्यवरांच्या जातीच्या व्याख्या एकामागून एक समोर ठेवतो आणि त्या अपुऱ्या का पडतात ते दाखवतो. त्यांपैकी प्रत्येकाने जात ही सुटी वस्तू म्हणून पाहिली, जातींच्या व्यवस्थेतील एक घटक म्हणून पाहिली नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप आहे. चौथी व्याख्या मात्र तो अधिक आदराने घेतो. ती डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची. केतकर १९०६ साली अमेरिकेत गेले, कॉर्नेल विद्यापीठात शिकले, त्यांच्या जातिविषयक इतिहासग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली इथाका येथे प्रसिद्ध झाला आणि १९११ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. म्हणजे ज्ञानकोशकार होण्यापूर्वीचे केतकर हेही या अर्थाने अटलांटिकपार गेलेले नवसंशोधकच. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. जातीचे सभासदत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच असते, हे एक. आणि जातीबाहेर विवाह करण्याची मनाई असते, हे दुसरे. केतकरांची दृष्टी व्यवस्थेकडे आहे, याचे श्रेय आंबेडकर त्यांना देतात आणि लगेच सांगतात की ही दोन लक्षणे वेगळी नाहीत. आंतरविवाहावर बंदी घातली की बाहेर जन्मलेल्यांना प्रवेश आपोआपच बंद होतो. एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत.

या छोट्या दुरुस्तीतून पुढचा सगळा विचार उलगडतो. अंतर्विवाह हे जातीचे एकमेव सत्त्व ठरले, तर बहिर्विवाहाची प्रथा खोलवर रुजलेल्या समाजात तो टिकवायचा कसा, हा प्रश्न निर्माण होतो. गटातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा वा बायको आधी मेली की ती बिघडते. उरलेल्या स्त्रीला जाळणे किंवा आजन्म वैधव्यात ठेवणे, आणि उरलेल्या पुरुषाला अजून वयात न आलेली मुलगी देणे, हे त्यावरचे उपाय. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींना त्यांच्या गौरवाच्या तत्त्वज्ञानातून बाहेर काढून आंबेडकर त्यांची जातिव्यवस्थेतील कार्ये दाखवतात. जात ही स्त्रियांच्या नियमनावर उभी आहे, हा सिद्धान्त या निबंधात स्पष्टपणे बांधलेला आहे, आणि तो कोणत्याही पाश्चात्त्य ग्रंथाचे 'उपयोजन' नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एका मराठी अभ्यासकाने इथाका येथे मांडलेल्या व्याख्येला दुसऱ्या मराठी अभ्यासकाने न्यूयॉर्क येथे दिलेले हे उत्तर आहे. वाद मराठी समाजाविषयीचा, वादी-प्रतिवादी मराठी, आणि वादाची भाषा इंग्रजी, जागा अमेरिका. अटलांटिकपारच्या संबंधांचे खरे स्वरूप यात दिसते. या संबंधात पश्चिमेकडून केवळ सिद्धान्त येत नव्हता. आपल्याकडचा वाद तिकडे जाऊन तिकडच्या ज्ञानव्यवहाराला दुरुस्त करीत होता. यूरोपीय अभ्यासकांनी जातीच्या उत्पत्तीत वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, नको तितके महत्त्व दिले, कारण ते स्वतःच रंगाच्या पूर्वग्रहाने ग्रासलेले होते, हे आंबेडकर त्याच सभेत सांगतात आणि त्यासाठी केतकरांचा आधार घेतात. फ्रान्झ बोआस यांच्या प्रभावाखालील कोलंबियाचे मानववंशशास्त्र वंशवादाला विरोध करीत होते हे खरे. परंतु वंशवादी दृष्टी भारतविद्येत कशी शिरली आहे, हे त्या सभेला सांगणारा आवाज आंबेडकरांचा होता. हे संबंध पुढेही तुटले नाहीत. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केली होती. १९४६ साली आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. देवाणघेवाणीचा हा धागा पुढे म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांच्या लेखनात मराठी समीक्षेपर्यंत आला.

तरीही १९१६ चा तो निबंध मराठी समीक्षेच्या सिद्धान्तविचारात कोठे आहे? चरित्रांत त्याची तारीख आहे. अभ्यासक्रमांत आंबेडकर 'प्रेरणा' म्हणून आहेत, 'वैचारिक गद्य' म्हणून आहेत. दलित साहित्याच्या प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात आहेत. परंतु पद्धती म्हणून, संकल्पना घडवणारा सिद्धान्तकार म्हणून त्यांना वाचण्याचे काम समीक्षेने फारच थोडे केले. या निबंधाची स्त्रीवादी अंगाने गंभीर फेरमांडणी झाली ती शर्मिला रेगे यांच्या २०१३ च्या ग्रंथात. ती समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यासाच्या शिस्तीतून आली, आणि इंग्रजीत आली. पुण्यात बसून केलेले ते वाचन मराठी विभागांत यायलाही पुन्हा इंग्रजीचाच दरवाजा लागला, यातच आपल्या श्रमविभागणीचे निदान आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रकाशित केलेल्या, वसंत मून संपादित समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे. त्या खंडांच्या छपाईच्या रखडपट्टीची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. स्मारके आपण वेळेवर बांधतो. संहिता वाचकाच्या हाती वेळेवर पोचत नाहीत.

हे असे का होते, याचे उत्तर त्या निबंधातच सापडते, आणि हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतल्यावर बाकीचे वर्ग जाती कसे बनले, हे सांगताना आंबेडकर गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताचे अनुकरणाचे नियम वापरतात. अनुकरण प्रतिष्ठितांकडून अप्रतिष्ठितांकडे वाहते, आणि अंतर जितके कमी तितके ते अधिक पूर्ण असते. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या. त्याहून दूर असलेल्यांनी वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूरच्यांनी नुसता बालविवाह. आणि सर्वांत दूरच्यांनी केवळ जातीच्या तत्त्वावरचा विश्वास. येथे बळजबरी लागत नाही. ज्याचे अनुकरण होते त्याची प्रतिष्ठा पुरेशी असते, आणि अनुकरण करणाऱ्याला आपण अनुकरण करीत आहोत हे बहुधा ठाऊकही नसते.

आता हे परिमाण आपल्या सिद्धान्तव्यवहाराला लावून पाहावे. परदेशी विद्यापीठांशी प्रत्यक्ष संबंध असलेले महानगरांतील इंग्रजी विभाग सिद्धान्ताचे पूर्ण अनुकरण करतात: मूळ ग्रंथ, त्यावरचे वाद आणि परिभाषा, सगळेच. त्यांच्या जवळचे मराठी विभाग परिभाषा आणि अवतरणे उचलतात. वाद वाटेत गळतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत परिभाषेतील चार-सहा शब्द पोचतात. तालुक्याच्या ठिकाणी निबंधाच्या शीर्षकात 'उत्तर-आधुनिक' हे विशेषण येते आणि आत पूर्वीचेच कथानकाचे सार असते. आणि सर्वांत शेवटी, पदव्युत्तर वर्गाच्या मागच्या बाकावर, काहीच पोचत नाही, फक्त एक विश्वास पोचतो: सिद्धान्त ही आपण करण्याची गोष्ट नव्हे. हा विश्वास या साऱ्या व्यवस्थेचा खरा आधार आहे. दार लावणाऱ्याला पहारा ठेवावा लागत नाही; बाहेरचा माणूस आपल्याच खोलीला आतून कडी घालून बसतो.

चर्चासत्र ही या अनुकरणाची वाहिनी आहे. त्याचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, संस्थाध्यक्षांचे मनोगत यांत सकाळ जाते. बीजभाषक दीड तास बोलतात आणि परतीची गाडी गाठतात. दुपारच्या सत्रात वीस-पंचवीस निबंधवाचक असतात. सत्राध्यक्ष प्रत्येकाला पाच मिनिटे देतात, पुढे तीन करतात, आणि शेवटच्या आठ जणांना 'फक्त निष्कर्ष सांगा' म्हणतात. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द होतात. संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. नोंदणी शुल्कात आयएसबीएन क्रमांकाचा ग्रंथ समाविष्ट असतोच. या संपूर्ण दिवसात कोणी कोणाच्या म्हणण्याला हरकत घेतलेली नसते. कोलंबियाच्या सेमिनारमध्ये एका विद्यार्थ्याला आपला संपूर्ण युक्तिवाद वाचता आला, तो वाचताना तीन मान्यवरांना खोडता आले, आणि शेवटी आपली मते अंतिम नाहीत, पुराव्याने चूक ठरली तर आपण ती सोडू, असे सांगता आले. आपल्या नवसंशोधकाला पाच मिनिटांत यांपैकी एकही गोष्ट करता येत नाही. त्याने चूक ठरावे इतकेही आपण त्याला बोलू देत नाही.

याचा दोष नवसंशोधकाच्या माथी मारणे सोपे आहे, आणि ते वरचेवर केले जाते. वास्तविक हा बाजार नियमांनी उभा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय गुणांकन आणले. २०१६ च्या नियमावलीने पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी चर्चासत्रांत दोन निबंधांचे वाचन आणि एका निबंधाचे प्रकाशन सक्तीचे केले. संशोधनाचा दर्जा वाढावा हा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात सक्तीला पुरवठा करणारी यंत्रणा उभी राहिली. मग बोगस नियतकालिके गाळण्यासाठी २०१९ साली 'केअर' यादी आली आणि २०२५ साली ती बंद करण्यात आली. निबंधवाचनाची व प्रकाशनाची सक्ती २०२२ च्या नियमावलीने काढून टाकली. म्हणजे ज्या नियमासाठी एका पिढीने नोंदणी शुल्के भरली, तो नियम सहा वर्षांत गेला. त्याने लावलेली सवय मात्र राहिली. हे शुल्क भरणारे कोण होते, हेही विसरू नये. तासिका तत्त्वावर चार-चार महाविद्यालयांत शिकवणारे, सुट्टीत वेतन नसलेले, नेट-सेट होऊन वर्षानुवर्षे कायम पदाच्या जाहिरातीची वाट पाहणारे हे लोक आहेत. त्यांना विचार करायला वेळ नाही आणि वाद घालायला अभय नाही. कारण ज्याच्याशी वाद घालावा तोच उद्या निवडसमितीवर बसलेला असू शकतो.

पैशाचा प्रश्न येथे उघडपणे मांडला पाहिजे. आंबेडकरांना तीन वर्षे दिली ती एका संस्थानिकाने, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. ती मदत अपुरी होती, मुदत संपताच लंडनचे शिक्षण सोडून त्यांना १९१७ साली परतावे लागले, आणि बडोद्यात नोकरीच्या जागी काय वागणूक मिळाली ते सर्वश्रुत आहे. तरीही तीन वर्षे होती, आणि त्या वर्षांत काय लिहावे यावर बंधन नव्हते. आता याच्या शेजारी एक अलीकडची नोंद ठेवावी. अनुसूचित जाती आणि इतर वंचित गटांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ सालच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. या नियमाखाली १९१६ चा जातिविषयक निबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता. भारताविषयी शिकायला परदेशी कशाला जायचे, असा त्यामागचा युक्तिवाद. पण आपल्या समाजाकडे दुरून, दुसऱ्या समाजांच्या शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार कोणाला असावा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना तो अधिकार कोणत्याही नियमावलीने नाकारलेला नाही. या नियमावर आपल्या साहित्यविषयक व्यासपीठांनी जितका आवाज उठवायला हवा होता त्याच्या शतांशानेही उठवला नाही. आंबेडकरांवरची चर्चासत्रे मात्र त्या वर्षीही झाली.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला देशीवाद्यांचा. ते म्हणतील, परकीय सिद्धान्तांचे अनुकरण घातक आहे हेच आम्ही सांगत आलो. अटलांटिककडे पाठ फिरवली की प्रश्न सुटतो. तसे होत नाही. आंबेडकरांनी तार्द घेतला, बॅजट घेतला आणि त्यांच्या साहाय्याने रिस्ले खोडला. संकल्पना कोणत्या बंदरातून आली यावर तिची किंमत ठरत नाही. तिने आपल्या प्रश्नाला भिडावे अशी सक्ती आपण तिच्यावर केली की नाही, यावर ठरते. तार्दचे अनुकरण शहरी यूरोपच्या अनुभवातून घडलेले होते. आंबेडकरांनी ते जातिभेदाच्या उतरंडीवर तपासले आणि त्याला एक वेगळाच, अधिक कठोर अर्थ दिला. पाठ फिरवणारा आणि लोटांगण घालणारा या दोघांत एक साम्य आहे: समोरच्याशी वाद घालण्याचे कष्ट दोघांनाही टाळायचे असतात. शिवाय 'देशी' म्हणून जे शिल्लक राहते त्याच्या आत तीच उतरंड आहे, हे सांगायला हा निबंध पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आणि म्हणून अधिक फसवा आहे. आंबेडकर अलौकिक प्रतिभेचे होते. सामान्य संशोधकाची त्यांच्याशी तुलना कशाला, असे म्हटले जाते. ही भक्ती सोयीची आहे. प्रतिभा अलौकिक मानली की परिस्थितीची जबाबदारी उरत नाही. प्रतिभा आपल्याला निर्माण करता येत नाही हे मान्य. परंतु तीन वर्षांचा निर्वाह, चांगले ग्रंथालय, दर आठवड्याला भरणारा सेमिनार, विद्यार्थ्याचे खंडन ऐकून घेणारा अध्यापक, आणि निबंध छापणारे नियतकालिक, या पाच गोष्टी मानवी आणि शासकीय शक्तीच्या आवाक्यातल्या आहेत. यांपैकी एकही न देता जयंतीच्या दिवशी प्रतिभेची आरती करणे हा शुद्ध कांगावा आहे.

चर्चासत्र किंवा परिषद या गोष्टीला आंबेडकर स्वतः किती गांभीर्याने घेत, याचे उत्तर १९३६ सालात आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षपद दिले. भाषणाचा मजकूर पाहून संयोजक कचरले. काही भाग गाळण्याची मागणी झाली. आंबेडकरांनी गाळायला नकार दिला, परिषदच रद्द झाली आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढे १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीला त्यांनी १९१६ चा सेमिनारमधील निबंध जोडला. विद्यार्थिदशेत वाचलेला निबंध अठ्ठावीस वर्षांनंतरही लेखकाला आपल्या प्रौढ विचाराचा भाग वाटतो, आणि न झालेली परिषद झालेल्या हजारो परिषदांहून अधिक परिणाम करते. व्यासपीठ मिळावे म्हणून मजकूर बदलणे आणि मजकूर राहावा म्हणून व्यासपीठ सोडणे यांतला फरक आपल्या क्षेत्रात आज कोणी शिकवीत नाही.

मग करावे काय? चर्चासत्रे बंद करा, अशी मागणी या लेखाची नाही. मागणी साधी आहे. एका दिवसात पंचवीस निबंधांऐवजी चार ठेवा. ते आठवडाभर आधी सर्वांना वाचायला द्या. प्रत्येकाला एक तास द्या, त्यातला अर्धा हरकतींसाठी. नोंदणी शुल्क घेऊ नका. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला प्रवासखर्च द्या. बीजभाषकाने दिवसअखेरपर्यंत थांबावे आणि नवसंशोधकाच्या निबंधावर बोलावे. 'उपयोजन' हा शब्द पाच वर्षांसाठी शीर्षकांतून हद्दपार करा आणि विद्यार्थ्याला विचारा, घेतलेल्या सिद्धान्तात तुझ्या सामग्रीमुळे काय बदलले? काहीच बदलले नसेल तर निबंध अजून व्हायचा आहे. एम. ए.च्या समीक्षासिद्धान्ताच्या अभ्यासपत्रिकेत ॲरिस्टॉटलच्या अनुकृतीशेजारी १९१६ च्या निबंधातील अनुकरण लावा; एकाच शब्दाच्या आश्रयाने साहित्य आणि समाज यांच्याविषयी दोन भिन्न विचार कसे उभे राहतात, हे त्यातून जितके कळेल तितके चार परकीय संकलनांतून कळणार नाही. आणि शिष्यवृत्तीतून जे विषय वगळले गेले त्यांच्याविषयी मराठीच्या अभ्यासमंडळांनी ठराव करून तो शासनाकडे पाठवावा. ठरावाला फारसा खर्च येत नाही.

यांतली कोणतीही गोष्ट मोठ्या शहराची मक्तेदारी नाही. चार निबंध, एक खोली आणि हरकत घ्यायला तयार असलेली वीस माणसे मंडणगडातही जमतील. तेथून आंबडवे जवळ आहे, म्हणून ते बरे, असे नव्हे. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने आपला निबंध पूर्ण वाचावा, त्यावर त्याच्याशी कोणी कडाडून भांडावे आणि त्या भांडणातून त्याचा युक्तिवाद अधिक टणक होऊन बाहेर पडावा, हे ज्या दिवशी नेमाने घडू लागेल, त्या दिवशी तार्दचा नियम निदान एका खोलीपुरता मोडलेला असेल.